कपाटाची किल्ली

वडिलांच्या काळी दुकानाला एकच किल्ली होती,
त्यांच्या करदोड्याला बांधलेली.
रेल्वे वर्कशॉपचा आठचा भोंगा झाला की शटर वर.
पाच मिनिटं उशिरा आली बाई
की नावापुढे लाल ठिपका,
तीन ठिपक्यांचा अर्धा खाडा.

हा हिशेब मला वारशात मिळाला,
आठ शिलाई मशिनी, एक काजांचं मशीन
आणि शाळांच्या गणवेशांची गिऱ्हाइकी यांच्यासोबत.
मीही पाच वर्षं ठिपके दिले.
खोटं कशाला बोलू, हात कधी थरथरला नाही.

मग त्या मे महिन्यात
भुसावळचं ऊन पत्र्यातून आत उतरलं.
इस्त्री बंद, तरी टेरिकॉट हाताला चटका देई.
चौदाशे शर्ट, पंधरा जूनची तारीख,
आणि रजिस्टरपुढे उभी राहून उषाबाई वायकोळे म्हणाली,
"भाऊ, आठ दिवसांनी नळाले पानी येते,
तेबी सकायी सातले.
ते भरू का तुमचा भोंगा ऐकू?
ठिपका द्याचा तर द्या,
पन काल सातपर्यंत बसली होती मी, तेबी लिवा."

ते लिहायला रजिस्टरमध्ये रकानाच नव्हता.

रात्री रजिस्टर घरी नेलं. जानेवारीपासून पाहत गेलो.
उषाबाईचे ठिपके आठ-आठ दिवसांच्या अंतरावर,
अगदी नळासारखे.
दीपमालाचे तीन सलग, मग चार दिवस कोरे, मग दोन:
नवरा मालगाडीवर गार्ड,
तो ज्या सकाळी परतायचा, त्या सकाळी ठिपका.
नजमा तडवीचा मार्च पूर्ण लाल.
मार्चमध्ये तिची मुलगी दहावीला बसली होती.
रजिस्टर वाचायचंही असतं
हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

स्टेशनबाहेरच्या किल्लीवाल्याकडून शटरच्या तीन किल्ल्या करून घेतल्या.
तो म्हणाला, "वाटण्या झाल्या का घरात, शेठ?"
मी म्हटलं, तसंच काहीसं.

बायांना सांगितलं, वेळ तुमची तुम्ही ठरवा,
शर्ट मला शनिवारी मोजून द्या.
रात्री साडेनऊनंतर शटर नको, एवढं माझं.
(त्यावरून दीपमाला अजून भांडते.)

पहिल्याच आठवड्यात फजिती.
नजमाने पहाटे पाचला येऊन
गार हवेत एकटीने साठ बाह्या शिवल्या,
साठही डाव्या.
उजव्यांचे गठ्ठे कपाटात होते
आणि कपाटाची किल्ली
माझ्या उशाखाली.

मी रागावलो आधी. मग कोणावर, ते कळेना.
ती म्हणाली, "शटर तं देलं भाऊ तुम्ही,
दुकान कवा देता?"

आता कपाट उघडंच असतं.
एकमेकींना न भेटणाऱ्या बाया
कापडाला टाचणीने चिठ्ठ्या टोचून जातात:
पांढरा दोरा संपला.
तीन नंबरचं मशीन कुरकुरते, तेल दे.
दीपे, भरताची वांगी खालच्या खणात हायेत, नेशील.

काही गेलंही.
मधल्या सुट्टीत आठ डबे उघडत,
हिरव्या मिरचीच्या ठेच्याने सगळ्या एकदम ठसकत,
ते हसणं तासांबरोबर पांगलं.
त्याचा काही मला नियम करता येईना.
बुधवारी एकला त्या आपल्या आपणच जमू लागल्या,
ज्यांचं काम नसतं त्याही,
आणि मला बोलवत नाहीत.

तेराशे नव्वद शर्ट पंधराला गेले. दहा सोळाला.
हेडमास्तर दोन मिनिटं बोलले, मी ऐकून घेतलं.

आज ओट्यावर चहा पीत होतो, भोंगा झाला.
वडील म्हणाले, "अजून गेला नाहीस?"
"उघडलं असेल कोणीतरी."
"कोणी?"
खरंच मला माहीत नव्हतं.
ते काही बोलले नाहीत.
फक्त त्यांचा हात सदऱ्याखाली गेला
आणि करदोडा चाचपत राहिला.