एक दांडी कमी

कुताइसीत, रिओनीच्या काठी,
शाल्वा टाइपरायटर दुरुस्त करायचा.
गावाचे सगळे नीट केले,
घरातल्याची एक दांडी तेवढी तुटकी राहिली,
त्यांच्या लिपीतल्या ‘म’ची.
बायको बोलून बोलून थकली.
तो म्हणे, रविवारी बघू.

गेला तो रविवारीच.

मुलगी त्सिआला, शाळेत भूगोल शिकवणारी,
रात्री ते यंत्र पुढ्यात ओढून बसली.
थडग्यापाशी वाचायला चार ओळी हव्या होत्या.
हातानं लिहिता आल्या असत्या.
नाही लिहिल्या.

त्यांच्याकडे बापाला ‘मामा’ म्हणतात.
पहिल्याच शब्दात दोन जागा कोऱ्या;
उरला नुसता आ, आणि पुन्हा आ,
दंतवैद्यासमोर वासलेल्या तोंडासारखा.
मग ‘मी’ गेला.
सूर्य गेला, चंद्र गेला, डोंगर गेला
(भूगोलाच्या बाईंनी आता शिकवायचं काय?)
पाऊस गेला, बर्फ राहिला.
आई राहिली. पाणी राहिलं.
भाकरी राहिली, तिला ते पुरी म्हणतात.
प्रेम हा शब्द शाबूत होता,
पण ‘माझं आहे’ म्हणायला जावं
तर सुरुवातीलाच तेच अक्षर.
मरणही शाबूत.

पहाटेपर्यंत तिनं जे लिहिलं
ते मराठीत आणतो आहे, तिच्याच अटीवर:

  त्याच्या बोटांना तेलाचा वास येई.
  यंत्र नीट झालं की तो एकच ओळ उठवून बघे:
  पाणी उकळतंय.
  शहरभर कुणाकुणाच्या खणात
  तसे कागद पडून असतील.
  आई ते वाचून खरोखर चहा टाकायची.
  किटली तिथेच आहे, खुर्ची तिथेच आहे.
  दाराची किल्ली त्याच्या कोटात राहिली
  आणि कोट त्याच्या अंगावर.
  आता दार उघडंच ठेवावं लागेल.

वाचून झालं. कुणाला काही कमी वाटलं नाही.
उतरताना आईनं फक्त विचारलं,
एकदाही हाक मारली नाहीस त्याला?
त्सिआला बुटाची माती झटकत राहिली.

त्याच्या त्या ओळीतही, आत्ता बघतो,
ते अक्षर कधी लागलंच नव्हतं.

आणि एक सांगायचं राहिलं.
‘मरण’ मी वर टाळलं, असं वाटेल.
टाळलं नाही; त्या अटीत ते मला लिहिताच येत नव्हतं.
तिला येत होतं.