दर पाच मिनिटांनी

क्लाक्सविकच्या बंदरात रात्रीचे अडीच.
मासळीच्या लिलावाचा सर्व्हर धापा टाकतोय.
एकच पाहुणा, तीन सेकंदांनी एकदा,
दार ठोठावतो: रूट, रूट, अ‍ॅडमिन, रूट.
कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसलंय
आणि त्याला झोप येत नाही.

परवा मी त्याचा आकडा अडवला.
काल पुन्हा पहिले पाढे पंचावन्न:
नाव तेच, घर नवं.
येग्वान म्हणाला, मग नावानेच अडव की.
त्याला वाटतं, भिंतीला वाचता येतं.
भिंत अडाणी असते, येग्वान.
नाव सांगितलं की एकदाच विचारते, राहतो कुठे,
आकडा पाठ करते,
आणि मग जन्मभर त्या रिकाम्या घराकडे
डोळे वटारून बसते.

म्हणून ही स्क्रिप्ट. अकरा ओळी.
वर शेलचं नाव, खाली यादी वाचणारा फेरा.
नाव घे. आज कुठे आहे ते विचार.
जुना नियम पूस.
नवा लिही.

'पूस' आधी लिहायचं राहिलं होतं माझ्याकडून.
त्याने सोडलेल्या आकड्यात दुसरं कुणी राहायला आलं:
तुम्मसची बोट,
उत्तरेला, आठ टन हॅडॉक पोटात घेऊन,
भाव विचारत होती रात्रभर
आणि आमची भिंत गप्प.
सकाळी रेडिओवर तो एवढंच म्हणाला,
मी काय केलं?

खिडकीतून मामाचं खोपटं दिसतं, मटण वाळवायचं.
फळीफळीत बोटभर फट.
वारा आत, पाऊस बाहेर.
फट किती ठेवायची, मामाने कधी मोजलं नाही.
मी मोजते.

फाइलला चालायची परवानगी दिली.
वेळापत्रकात घातली: दर पाच मिनिटांनी.
आणि मग हात तसाच राहिला कीबोर्डवर.

ज्याला दारात उभं करायचं नाही
त्याची चौकशी दिवसातून दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा.
मार्युन कोपनहेगनला गेली त्याला नऊ वर्षं झाली.
नाव पाठ आहे.
घर तिने तीनदा बदललं, असं येग्वानकडून कळतं.
माझ्याजवळ पहिलाच पत्ता,
फ्रिजवर, माशाच्या चुंबकाखाली.

कॉफी निवली.
दोन पंचावन्नला स्क्रिप्ट चालली.
तो आता रीगात आहे.