भाऊबीज, दहा बाय पन्नास

गोलाईला सोळा रस्ते फुटतात.
धनत्रयोदशीच्या दुपारी त्यातले अकरा पायी पालथे घातले,
खिशात दाळमिलचा बोनस
आणि बायकोचा सल्ला : साडीच घ्या,
अंगावर घातली की चार लोकांना दिसते तरी.

पण साड्या घेऊन सात भाऊबिजा झाल्या.
सातही महानंदाक्काच्या पेटीत आहेत, घडी न मोडता.
ती म्हणते, रात्री गच्चीवर मी काय नेसले
ते कोण बघलालंय?

पहिल्याच दुकानात विचारलं,
आभाळ बघणाऱ्या माणसाला द्यायसारखं काही हाय का?
त्यानं अंधारात चमकणाऱ्या चांदण्यांचं पाकीट काढलं.
पाठीमागं गोंद. छताला चिकटवायच्या.
पाकीट हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो.

छताला.

मी नऊ वर्षांचा होतो, अक्का चौदाची,
तेरणेकाठचं आमचं गाव एका पहाटे खाली बसलं.
पुढं सहा महिने आई कुठल्याच छताखाली शिरली नाही.
आम्ही तुरीच्या कडेला झोपायचो,
ताडपत्री खाली, वर काहीच नाही.
अक्का मला कोपरानं ढोसून उठवायची :
ते बघ तीन ठिपके, मृगाच्या पोटातला बाण.
तो खाली पेटलाय, तो व्याध.
मला झोप यायची, तिला येत नव्हती.
मोजायला तिला असं काहीतरी पाहिजे होतं
जे हलतं, पण पडत नाही.

पाकीट परत दिलं.

चष्म्याच्या दुकानात दुर्बिणी होत्या,
काचेच्या कपाटात, हळदीकुंकू लावलेल्या.
रानात डुकरं राखायला पाहिजे का काका? पोरगं म्हणालं,
त्याला ही चालती, रबराची पकड हाय.
डुकरं नाहीत, मी म्हणालो, कृत्तिका बघायच्यात.
कोण कृत्तिका?
दुसरं पोरगं तोंड फिरवून हसलं.
त्यांची तरी काय चूक,
माझ्या वयाच्या माणसानं दुर्बीण मागून असं नाव घेतल्यावर.

तीन पायांची मोठी दुर्बीणही होती एक.
चिठ्ठीवरचा आकडा मी दोनदा वाचला, शून्यं मोजत.
डोळा लावायला पैसे पडत नाहीत म्हणून लावला,
तर समोरच्या सराफाची पाटी उलटी,
आणि गिऱ्हाइकं खाली डोकं वर पाय करून
सोनं घेत होती.

शेवटी दहा बाय पन्नास. दोन्ही डोळ्यांची, गळ्यात अडकवायची.
सातशे कमी पडले.
ते माझ्या शर्टातून आले,
जो अजून कापड लाईनीत टांगलेला आहे.
जाता जाता कंदीलवाल्याकडून लाल जिलेटिनचा एक ताव, दहा रुपये,
बॅटरीच्या तोंडाला बांधायला.
लाल उजेडानं डोळ्यातला अंधार मोडत नाही,
हे अक्काचंच शिकवणं.

निलंग्याला पोचलो तेव्हा ती दवाखान्यातून नुकतीच आलेली,
नर्सचा पांढरा कोट अजून अंगात.
आधी बिजेच्या कोरीला ओवाळलं, मग मला.
ताटात खोकं ठेवलं तर हातानं वजन केलं नुसतं,
आणि साडी नाही हे कळल्यावर
काहीच बोलली नाही. चप्पल घालून बाहेर पडली.

मला वाटलं चुकलं.

ती गल्लीतल्या घरोघरी सांगत फिरत होती :
अर्धा तास तुमचे आकाशकंदील बंद करा,
तुमच्यामुळं आकाश दिसंना.
एकेक घर विझलं. पोरं कुरकुरली.
कुणीतरी म्हणालं, सणाच्या दिवशी हे काय भलतं.

आठच्या सुमारास पूर्वेला कृत्तिका वर आल्या.
नुसत्या डोळ्यांनी सहा.
अक्का दुर्बीण लावून मोजायला लागली,
अकरा, सतरा, तेवीस,
मग आकडे बंद झाले, ओठ हलत राहिले.

खाली जिना वाजला.
कुरकुरणारे सगळे वर येत होते,
लाल बॅटरीच्या उजेडात पायऱ्या चाचपत.

माझा नंबर पाचवा लागला.