रपटा

पहिल्यांदा झालं ते दारव्हा-नेर गाडीत,
सकाळची साडेआठची फेरी,
तिकिटाचं मशीन हातात, रोल संपत आलेला,
एका म्हातारीचं हाफ तिकीट अर्धंच बाहेर निघालेलं,
आणि बोटं माझी राहिली नाहीत.

छातीत मोकाट गोऱ्हा शिरला.
कानात शिट्टी. तोंडात लोखंडाची चव.
बासष्ट माणसं, दोन बकऱ्या, कूलरची एक ताटी,
आणि मधोमध मी, मरत असलेली.
एक बेल दिली.
गाडी थांबली, जिथे काहीच नव्हतं तिथे.

खाली उतरून पळसाला धरून उभी राहिले.
खिडक्यांतून निदानं आली:
"पित्त असंन." "उपाशी असंन बाई."
"नजर हाये, मीठ-मोहऱ्या ओवाळा."
एकानं विचारलं, "गाडी जाईन का नाई आज?"
त्याचा राग नाही आला.
माझाही प्रश्न तोच होता.

यवतमाळला हृदयाची पट्टी काढली.
डॉक्टर म्हणाले, काही नाही.
ते काही नाही मी घडी घालून
पर्समध्ये किती दिवस फिरवलं.
आणि ते रोज साडेआठला
माझ्याआधी गाडीत,
खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेलं.

ग्रामीण रुग्णालयात मंगळवारी येणाऱ्या बारसागडे मॅडम
म्हणाल्या, ही लाट असते ताई. चढते, उतरते.
मी म्हटलं, लाट मी टीव्हीत पाहिली.
मला अडाण नदी माहीत आहे.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, मग अडाणच सांगा.

तर, वर कुठंतरी पाऊस पडतो,
आपल्याकडे कडक ऊन,
आणि रपट्यावर लाल पाणी येतं.
ढोमणेभाऊ तेव्हा गाडी घालत नाही.
मागेही पळवत नाही.
इंजिन बंद करतो, खर्रा घोटत बसतो,
काठावरच्या एका दगडावर डोळा ठेवून.
कोणी म्हणतं, "घाल नं भाऊ, गुडघाभर तं हाये!"
तो म्हणतो, "पानी आपल्या कामानं आलं,
आपल्या कामानं जाईन."
दगडाचं डोकं दिसलं की गिअर.

नऊ वर्षं त्याच्या मागे उभी राहून
हे मी फक्त उशीर म्हणून पाहिलं होतं.

आता येतं तेव्हा दांडा धरते.
चारपर्यंत श्वास घेते, सहापर्यंत सोडते,
उतारावर गाडी सोडतात तसा, हळू.
मग दगड शोधते:
शेतातून गाडीबरोबर पळणारी
टपावरच्या सायकलची सावली.
कोणाच्या तरी पिशवीतला सांभाराचा वास.
मशीनचं गरम पोट.
मन म्हणतं, मेली, मेली.
मी म्हणते, बस बाई, तुझंही तिकीट काढते,
पण तुला फुल लागेल.

कधी दगड सापडत नाही.
गेल्या गुरुवारी फाट्याच्या पुढे
पाणी चढतच गेलं,
चारच्या नंतर काय येतं ते आठवेना.
ढोमणेभाऊनं आरशात पाहिलं,
विचारलं काही नाही,
गाडी तेवढी तिसऱ्यावर आणली.
मी बेल दिली नाही.

संध्याकाळी डेपोत हिशेबाला चौदा रुपये कमी.
त्या वीस मिनिटांत कोणाला तरी
चुकीचं तिकीट गेलं असणार.
क्लार्क म्हणाला, "काऊन मनकर्णाबाई,
असं तं कधी होत नाई तुमचं."
खिशातून भरले.
चौदा रुपयांत पलीकडे आले, म्हटलं,
आणि शुक्रवारची ड्युटी पाहायला
फळ्याकडे गेले.