एक टक्का

नदीवर मासे वर आलेत. गुंडूचा फोन.
राजाराम बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला,
तोंडं उघडी, पोटं पांढरी,
काठाला पिशव्या घेऊन माणसं.
"आक्का, पाणी हाय की गं, मग मरत्यात कशानं?"

पाणी आहे. पाण्यातली हवा मळीनं खाल्लीय.
हे मी त्याला तीनदा सांगितलंय,
तो तीनदा व्हय म्हणालाय.

इथं माळावरच्या प्रयोगशाळेत
मीही एका पेटीतली हवा काढून घेतेय.
एकवीस. दहा. पाच.
एक टक्का.
आत सहा खळ्यांची ताटली,
खळ्यांत उंदराच्या मेंदूतल्या पेशी.
तीन खळ्यांना निरोप धाडलाय, तीन तशाच.
निरोप्या म्हणजे विषाणू,
नांगी मोडलेल्या विंचवासारखा,
रोग काढून घेतला, चालणं तेवढं ठेवलं
आणि पोटात जनुकाची चिठ्ठी.

चिठ्ठीतलं नीट सांगतील त्या घोरपडे मॅडम,
त्या फळ्यावर बाण काढतात.
मला कळलंय ते एवढंच:
प्रत्येक पेशीत घडीघडीला एक रखवालदार जन्मतो
आणि हवा मुबलक असली
की जन्मल्याजन्मल्या मोडला जातो.
हवा संपत आली की मगच तो उरतो,
दिवे बारीक करतो,
हवेवाचून चूल पेटती ठेवायला सांगतो.
पण तोवर उशीर झालेला असतो.
चिठ्ठीतला रखवालदार मोडत नाही.
तो आधीपासून दारात उभा.

गुंडूच्या गळ्याला नाळेचे दोन वेढे होते.
ब्रह्मपुरीतली खोली, हौसाक्का सुईण,
काळानिळा गोळा उलटा धरलेला.
किती वेळ, कुणी मोजला नाही.
आई म्हणते, चहाला उकळी येईतो.
बाबा म्हणायचे, जाळं टाकून ओढावं तेवढा.
मग रडला.
आमच्या भोईवाड्यात पेढे वाटले.
तो उशिरा रडला होता
हे कळायला दोन वर्षं गेली.

आता अडतीस वर्षांचा आहे.
डावा हात छातीशी मुडपलेला,
मुठीत काहीतरी जपून धरल्यासारखा.
मी लहानपणी ती मूठ उघडून बघायची.

मॅडम म्हणतात, हुरळू नका.
हाच रखवालदार कर्करोगाच्या गाठीचीही चाकरी करतो,
तिलाही हवा कमी पडते, तिलाही जगायचं असतं.
बाळाच्या डोक्यापर्यंत जायला दहा वर्षं,
किंवा कधीच नाही.
आणि जे बाळ अडतीस वर्षांचं झालंय
त्याच्यासाठी कुठल्याच ताटलीत खळं नाही.
हे त्या म्हणाल्या नाहीत.

पहाटे चारला निळा रंग सोडला.
मेलेल्या पेशी तो आत घेतात,
जित्या दार उघडत नाहीत.
बिनचिठ्ठीची खळी निळी, नुसती निळी.
चिठ्ठीच्या खळ्यांत शंभरातल्या एकसष्ट बिनरंगाच्या.
परत मोजल्या. अठ्ठावन्न.
अठ्ठावन्न लिहिलं.

फोन लावला. गुंडू जागाच.
"आक्का, बारडीत आठरा घातल्यात,
नळाचं पाणी कालच भरून ठेवल्यालं,
आन् तांब्यानं वरनं वततोय,
वर धरून वततोय, रातभर."
मागं पाण्याचा आवाज.
एका हातानं. कुणी शिकवलं नव्हतं.
"सात हायत अजून. तुजे किती?"
"अठ्ठावन्न."
"लई की गं!"
मग बराच वेळ नुसता तांब्या, पाणी, तांब्या, पाणी.
मी म्हटलं, "आलो मी, सकाळी आलो."
"ये," म्हणाला,
"पर ह्यास्नी आता सोडायचं कुटं?"