तीनशे वीस युरो

तांपेरेत साडेतीनलाच अंधार. हातमोजे काढत
मी आउलिसला म्हटलं, पडदा असलेलं नको.
एकतीस वर्षं इस्पितळात डॉक्टरांचं बोलणं टाइप करतेय,
कानात त्यांचे घसे, डोळ्यांत तो चौकोनी उजेड.
गाणं करायला पुन्हा संगणकच उघडायचा
तर घरी तरी कशाला जायचं?

आउलिसच्या दुकानात जुन्या अकॉर्डियनांना
ओल्या लोकरीचा वास येतो.
त्यानं काचेखालून एक यंत्र काढलं, काळं, देखणं,
किमतीची चिठ्ठी पालथी.
मीही ती उलटली नाही.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण आमच्या घरात सगळ्या बायका उंच.

मग खालच्या फळीवरची मंडळी आली.
एक इतकं हलकं, की लहान मुलाचं वाटावं.
चार सेल घातले की उड्या मारतं,
बंद केलं की सगळं विसरतं.
"सगळं?"
"जपून ठेवलं नाहीत, तर सगळं."
जपून ठेवण्याचंच तर खाल्लं मी आजवर:
परक्यांचे मूतखडे, परक्यांची फुप्फुसं, तारीखवार.

दुसरं सॅम्पलर. रबराची सोळा बटणं,
तेरावं मेलेलं. तीनशे चाळीस.

वीजबिलाच्या पाकिटामागे प्रश्न लिहून आणले होते.
सेलवर किती तास?
हेडफोनचं भोक सैल झालंय का?
एकेका बटणात किती कामं दडवलीयत?
याचं कार्ड अजून बाजारात मिळतं का?
आणि रात्री दोनला, दिवा न लावता,
नुसत्या बोटांना सापडेल का सगळं?

आउलिसनं उत्तर दिलं नाही.
दुकानाचा दिवा मालवला.

मी चाचपत राहिले. एक खाच, एक गोल, एक खरखरीत कड.
लाल ठिपका पेटला, म्हणजे आता बोलायचं.
काय बोलणार? तोंडातून आलं ते
डॉक्टर लेहतोवारांचं, रोजचं:
स्वल्पविराम.
दाबलं. स्वल्पविराम. स्व. स्व. स्वल्प.
पाचव्या बटणावर पूर्णविराम बसवला, जरा खालच्या सुरात,
आणि अंधारात आउलिसची टाच
आपोआप फरशीवर पडायला लागली.

तेवढ्यात दाराची घंटी. कुणीतरी बर्फाचे बूट झटकत
घाबरून विचारलं, "बंद आहे का?"
ठिपका लालच होता.
घंटी आली, बूट आले, प्रश्नही आला.

दिवा लागल्यावर मी पाकीट उपडं केलं.
तीनशे वीस, आणि बसचं तिकीट.
आउलिस तेराव्या बटणाकडे बघत म्हणाला,
याचे वीस वजा.

आता स्वयंपाकघरात, ओट्यावर, बटाट्यांच्या शेजारी आहे ते.
कधी कधी सेल मध्येच दगा देतात,
वाक्य अर्धंच राहतं.
बंद आहे का, बंद आहे का, विचारतो तो बाप्या
दर चौथ्या ठोक्याला.
तेराव्यावर बोट गेलं की काही वाजत नाही.
मी तेही मोजून घेते.