ळ

मंगळवारी निंबा गुरुजी येतात साक्रीच्या गाडीने,
उजवा हात गळ्यातल्या पट्टीत, डावा बायकोच्या खांद्यावर.
मी कार्डं मांडते. कुलूप. कंगवा. छत्री. केळं.
पुण्यात छापलेली, कोपरे मऊ पडलेली.
"हे काय आहे?" मी विचारते,
ते मला विचारायचे त्याच सुरात,
फळ्याखाली उभी करून.

गुरुजी छत्रीकडे बघतात.
ओठ हलतात. येतो तो नुसता श्वास, मग घाम.
छत्तीस वर्षं शुद्धलेखन शिकवलेला माणूस
डाव्या हाताच्या बोटांनी हवेत पाऊस पाडून दाखवतो.
मी लिहिते: नाव सांगता आले नाही. शून्य.

आमच्या वर्गात कुणालाच ळ येत नव्हता.
शाळा म्हणजे शाया, फळा म्हणजे फया,
यष्टीचा कंडक्टरसुद्धा ओरडायचा, चला धुये, धुये.
गुरुजी म्हणायचे, जीभ वर न्या, टाळूला लावा, आत वळवा.
गावठी तोंडं तुमची.
एकदा मी भर वर्गात म्हटलं, "माले तिस लागनी,"
तर पाणी मिळालं नाही,
पाटीवर शंभर वेळा ळ मिळाला.
दोन वेटोळी, मध्ये गाठ.
साठाव्या-सत्तराव्या ओळीला
तो मला दाव्यासारखा दिसायला लागला.

मी शिकले. चांगली शिकले.
इतकी की फोनवर माझी माय
एकदा मलाच "अहो" म्हणून गेली.

आता मी सांगते, गुरुजी, जीभ वर. टाळूला.
जीभ निघते, आणि अर्ध्या वाटेवरून परत येते.

चौथ्या मंगळवारी मी केळं दाखवलं
आणि ते म्हणाले, "केयं."
स्वच्छ. न अडखळता.
मग स्वतःच दचकले, दाराकडे बघितलं,
आम्ही बघायचो ना, चुकून घरचं बोललो की,
अगदी तसं.

फॉर्मवर दोन चौकोन आहेत: बरोबर, चूक.
मी पेन धरून
खिडकीतून लळिंगच्या डोंगराकडे बघत बसले,
बाहेरचा पेशंट दोनदा डोकावून गेला तोवर.

मग शब्द येऊ लागले. कार्डांच्या क्रमाने नाही,
दिवेलागणीला गुरं येतात तसे,
ज्याला जेव्हा गोठा आठवेल तेव्हा.
डोया. वावर. बाजरीनी भाकर.
आणि बायकोकडे बोट करून एक दिवस:
"कमया."

फाइलवर तिचं नाव कमळाबाई.
कमया ती फक्त माहेरी.
गुरुजींनी लग्नापासून दोन्हींतलं एकही नाव घेतलं नव्हतं,
"ऐकलंस का" म्हणायचे, तेही प्रमाण भाषेत.
ती हसली नाही, रडलीही नाही.
पिशवीतून डबा काढता काढता मला म्हणाली,
"चायीस वरीस पाव्हना व्हता घरमा.
आते घरना वाटस."

या मंगळवारी त्यांनी कार्डं बाजूला सारली.
माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, बराच वेळ,
हजेरीपटात एखादं नाव शोधावं तसे.
"तू... कोनी आंडेर?"

चाचणीत हा प्रश्न नाही.
उत्तर मला ठाऊक होतं.
तरी तोंड उघडलं आणि जीभ सवयीने वर गेली,
टाळूला लागली, आत वळली,
आणि तिथेच राहिली.

गुरुजी थांबले.
इतका वेळ त्यांनी मला कधीच दिला नव्हता.

"उखा शिंपीनी," मी म्हटलं.
"उखा शिंपीनी आंडेर."

एवढ्याशा वाक्याने घसा कोरडा पडला.
गुरुजींनी डाव्या हाताने,
निम्मं टेबलावर सांडत,
पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.